लेन्सचे वजन नेमके कशाचे? जुनी आणि नवी लेन्स हातात घेऊन पारखण्याची रीत

निकॉनच्या जुन्या एआय-एस मालिकेतली, हाताने फोकस करायची ५० मिमी एफ/१.२ लेन्स काट्यावर सुमारे ३६० ग्रॅम भरते. त्याच कंपनीने मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी काढलेली ५० मिमी एफ/१.२ ची झेड माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) लेन्स १०९० ग्रॅमची आहे. जुन्या लेन्स धातूच्या म्हणून जड आणि नव्या प्लॅस्टिकच्या म्हणून हलक्या, असे ज्यांनी मनाशी धरून ठेवले आहे, त्यांना या दोन आकड्यांचा मेळ घालता येणार नाही. जुनी लेन्स हातात घेतली की ती भरीव, थंड आणि जड वाटते हे खरे आहे. ती आकाराने लहान असल्यामुळे तिचा भार एका जागी जाणवतो, आणि धातू त्वचेची उष्णता चटकन ओढून घेत असल्यामुळे तो थंडपणा मजबुतीची खूण वाटू लागतो. पण हाताचा हा कौल बऱ्याच वेळा फसवा असतो.

वापरलेली लेन्स घेताना किंवा जुनी सोडून नवी घेताना मी वजनाची विभागणी करून पाहतो. लेन्सच्या वजनाचे वाटेकरी चार असतात: बाहेरचे घर, आतली काच, फोकस आणि ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे, कमी-जास्त होणारे छिद्र; ‘एफ/’ नंतरचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) यांचे हलणारे भाग, आणि नव्या लेन्समध्ये मोटारी व सर्किट. यांपैकी कोणाचा वाटा मोठा आहे हे कळले, की ते वजन आपल्या उपयोगाचे आहे की नुसतेच खांद्यावर वाहायचे आहे, हे ठरवता येते. बांधणीचा दर्जा ही वेगळी गोष्ट आहे; ती सांध्यांत, आट्यांत आणि सरकणाऱ्या पृष्ठभागांत शोधावी लागते. तो शोध कसा घ्यावा, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः निकॉनची आहेत, कारण १९५९ साली आलेला एफ माउंट आजही वापरात असल्यामुळे त्या एकाच माउंटवर बदलत गेलेली बांधणी सलग पाहता येते, आणि माझा हातही त्याच लेन्सवर बसलेला आहे.

आधी काटा

स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा या कामाला पुरेसा आहे. पुढची-मागची झाकणे, हूड आणि फिल्टर काढून लेन्स एकटी मोजावी, आणि नंतर ती ज्या रूपात कॅमेऱ्यावर लावणार आहोत त्या रूपात पुन्हा मोजावी. कंपन्या जे वजन छापतात ते पहिल्या प्रकारचे असते, आपण वाहतो ते दुसऱ्या प्रकारचे, आणि जुन्या लेन्सच्या बाबतीत या दोहोंतला फरक लहान नसतो.

निकॉनच्या ५० मिमी एफ/१.४ एआय-एस लेन्सचे उदाहरण घेऊ. तिचे वजन सुमारे २५० ग्रॅम आहे. झेड माउंटची ५० मिमी एफ/१.८ एस लेन्स ४१५ ग्रॅमची आहे. कागदावर जुनी लेन्स १६५ ग्रॅमने हलकी दिसते. परंतु एफ माउंटमध्ये माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी असते आणि झेड माउंटमध्ये ते १६ मिमी असते; उरलेले ३०.५ मिमी अंतर ॲडॉप्टरच्या नळीने भरून काढावे लागते. निकॉनचा पहिला एफटीझेड ॲडॉप्टर १३५ ग्रॅमचा आहे. म्हणजे कॅमेऱ्यावर चढलेली जुनी लेन्स ३८५ ग्रॅमची झाली, आणि तिची लांबीही नव्या लेन्सच्या जवळ गेली. हाताने फोकस करायच्या लेन्सला सर्किटची गरज नसते, त्यामुळे साधी धातूची नळी असलेला ॲडॉप्टर चालतो आणि तो हलका पडतो. तरीही नळी हवीच. जुन्या लेन्सचा हलकेपणा खऱ्या अर्थाने उपभोगायचा असेल तर ती जुन्या बॉडीवरच लावावी. निकॉन एफएम२ ची बॉडी ५४० ग्रॅमची आहे; तिच्यावर ही लेन्स लावली की सगळे मिळून आठशे ग्रॅमच्या आत बसते.

काट्याचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या लेन्सचे वजन कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा बरेच वेगळे भरले, तर ती आपण समजतो त्याहून वेगळी आवृत्ती असते, किंवा तिचा एखादा भाग बदललेला वा गायब असतो. दुकानात काटा नेणे विचित्र दिसेल, पण घरी आल्यावर, परत करण्याची मुदत असेपर्यंत, हे काम जरूर करावे.

घराचा धातू

बाहेरच्या घराचा वजनातला वाटा समजून घ्यायला लायकाची ५० मिमी सुमिलक्स-एम एएसपीएच ही फार चांगली लेन्स आहे, कारण ती दोन पोशाखांत मिळत असे. काळी ॲनोडाइज केलेली आवृत्ती ३३५ ग्रॅमची आणि चंदेरी क्रोमची ४६० ग्रॅमची. आतली काच तीच, चित्र तेच. काळ्या आवृत्तीचे घर ॲल्युमिनियमचे, चंदेरीचे पितळेचे, एवढाच काय तो फरक. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम असते, ॲल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची सुमारे १.८ आणि पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची १.२ च्या आसपास. हे चार आकडे लक्षात ठेवले की लेन्सच्या वजनाबद्दलचे निम्मे गूढ उकलते. या उदाहरणातले १२५ ग्रॅम चित्रासाठी काहीच करत नाहीत. पितळेवरचे क्रोम झिजून आतला पिवळा धातू दिसू लागतो त्याचे सौंदर्य मलाही आवडते. पण त्या सौंदर्याची किंमत खांद्याने द्यायची आहे, हे घेताना माहीत असावे.

पितळ जिथे खरोखर कामी येते ती जागा डोळ्यांना दिसत नाही. हाताने फोकस करायच्या लेन्समध्ये एकात एक बसलेल्या, रुंद आटे पाडलेल्या नळ्या असतात. त्या रचनेला हेलिकॉइड म्हणतात. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासले तर पृष्ठभाग एकमेकांना खरवडून जाम होण्याची भीती असते, म्हणून चांगल्या लेन्समध्ये यांतली एक नळी पितळेची आणि दुसरी ॲल्युमिनियमची करतात, आणि मध्ये जाडसर ग्रीस भरतात. फोकस रिंग फिरवताना लागणारा तो एकसारखा, लोण्यासारखा विरोध या जोडीचा आणि ग्रीसचा असतो. बाहेरच्या कवचाच्या जाडीशी त्याचा संबंध नाही. म्हणून लेन्स ‘सगळी मेटल आहे’ असे विकणारा सांगतो तेव्हा मी कवचावर टिचकी मारून पाहत नाही, फोकस रिंग फिरवून पाहतो.

प्लॅस्टिकविषयीचा राग पूर्णपणे अनाठायी नाही, पण तो बऱ्याचदा चुकीच्या जागी असतो. निकॉनने १९७९ साली ईएम या स्वस्त कॅमेऱ्याबरोबर सिरीज ई लेन्स आणल्या तेव्हा त्यांच्या प्लॅस्टिकच्या बाह्यांगामुळे अनेकांनी नाके मुरडली. त्यांतली ५० मिमी एफ/१.८ लेन्स जेमतेम १३५ ग्रॅमची आहे, आणि आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही तिचे चालू नग सहज मिळतात. त्याच मालिकेतल्या ७५-१५० मिमी एफ/३.५ झूमचे दुखणे प्लॅस्टिकचे नव्हते: तिची झूम रिंग कालांतराने सैल होते आणि लेन्स खाली झुकवली की आपोआप सरकते. हा सरकत्या पृष्ठभागाच्या झिजेचा दोष आहे, आणि तो संपूर्ण धातूच्या झूममध्येही आढळतो.

कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ लेन्सची तीन रूपे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. १९८७ चे पहिले रूप १९० ग्रॅमचे आणि धातूच्या माउंटचे होते. १९९० च्या दुसऱ्या रूपात माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा झाला आणि वजन १३० ग्रॅमवर आले. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत धातूचा माउंट परत आला आणि वजन १६० ग्रॅमच्या जवळपास गेले. एवढ्या हलक्या लेन्सचा भार प्लॅस्टिकचा माउंट आरामात पेलतो. त्याची खरी अडचण वारंवार काढ-घाल करताना होणाऱ्या झिजेची असते. ज्याची लेन्स वर्षभर एकाच बॉडीवर राहते, त्याला या झिजेची चिंता नाही. निकॉनच्या झेड ४० मिमी एफ/२ लेन्सचाही माउंट प्लॅस्टिकचा आहे. तिचे वजन १७० ग्रॅम आहे, आणि दिवसभर पायी फिरून छायाचित्रे काढणाऱ्याला मी ती बिनदिक्कत सुचवीन. उलट, चकचकीत धातूचा माउंट पाहून हुरळून जाण्यातही अर्थ नाही, कारण अनेक लेन्समध्ये तो माउंट आतल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यालाच स्क्रूने बसवलेला असतो. जोराचा धक्का बसला तर धातू शाबूत राहतो आणि स्क्रूच्या मुळाशी असलेले प्लॅस्टिक तुटते.

धक्क्याच्या वेळी दोन्ही पदार्थ कसे वागतात तेही ध्यानात घ्यावे. ॲल्युमिनियमच्या फिल्टर रिंगला पोचा पडतो आणि तो तसाच राहतो. तो उपकरणाने पुन्हा गोल करता येतो, पण पोचा पडला त्या वेळी धक्का आत कुठवर गेला हा प्रश्न उरतोच. काचतंतू मिसळलेले प्लॅस्टिक थोडे दबून परत आकारात येते, किंवा मग सरळ तडकते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या लेन्सवर बाहेरून खूण नसणे हा ती कधी न पडल्याचा पुरावा धरू नये. शिवाय पॉलिकार्बोनेट तापमानाने ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. म्हणूनच भिंगे धरून ठेवणाऱ्या आतल्या भागांसाठी महागड्या लेन्समध्ये आजही धातू वापरतात, आणि बाहेर प्लॅस्टिक दिसले तरी आत तो असू शकतो.

काचेचा भार

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळतो. ३६० ग्रॅमच्या जुन्या ५० मिमी एफ/१.२ लेन्समध्ये सहा गटांत सात भिंगे आहेत. १०९० ग्रॅमच्या नव्या लेन्समध्ये पंधरा गटांत सतरा भिंगे आहेत. जुन्या बहुतेक सगळ्या ५० मिमी लेन्स डबल गाउस या एकाच मूळ रचनेच्या लेकी आहेत: मधोमध ॲपर्चर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकमेकांचे प्रतिबिंब वाटावे अशी भिंगे. ही रचना सहा-सात भिंगांत उत्तम काम करते, परंतु ॲपर्चर पूर्ण उघडले की तिच्या मर्यादा दिसू लागतात. तेजस्वी कडांभोवती धूसर झाक येते, रात्रीचे दिवे कोपऱ्यांत पंख फुटल्यासारखे दिसतात, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळ्या-हिरव्या रेषा उमटतात. एफ/२.८ किंवा एफ/४ ला हीच लेन्स अतिशय सुरेख चित्र देते. नव्या लेन्सकडून मात्र पूर्ण उघड्या ॲपर्चरला, सेन्सरच्या पार कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ चित्राची अपेक्षा असते, आणि ही एकेक खोड काढायला एकेक भिंग वाढत जाते. झेड ५० मिमी एफ/१.८ मध्ये बारा भिंगे आहेत. तिच्याआधीच्या एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी मध्ये सात होती आणि तिचे वजन १८५ ग्रॅम होते.

भिंगाची संख्या वाढते तशी जाडी आणि व्यासही वाढतो, आणि व्यास दुप्पट केला की त्याच आकाराच्या भिंगाचे वजन आठपट होते. त्यातही प्रकाश अधिक वाकवणाऱ्या काचा मुळातच जड असतात; साध्या क्राउन काचेची घनता २.५ च्या आसपास, तर लँथॅनमयुक्त काचांची ४ च्याही वर जाते. जुन्या काळी याच कामासाठी थोरियम घातलेली काचही वापरीत. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत ती आहे, आणि म्हणूनच त्या लेन्स पिवळट पडलेल्या दिसतात. काही दिवस उन्हात ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. तेव्हा अशी लेन्स पिवळी दिसली म्हणून ती टाकाऊ समजू नये, पण ती सौम्य किरणोत्सारी असते हे ठाऊक असावे.

याचा अर्थ नव्या लेन्सचे वजन हे बहुतांशी दुरुस्त केलेल्या दोषांचे वजन आहे. आपण ज्या ॲपर्चरला छायाचित्रे काढतो तिथे ते दोष दिसतच नसतील, तर ते वजन आपल्यासाठी नाही. गेल्या वर्षभरातली आपली छायाचित्रे उघडून कोणते ॲपर्चर किती वेळा वापरले ते मोजावे. ही माहिती प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये नोंदलेली असते. किल्ल्यांची, देवळांच्या कोरीव कामाची, कासच्या पठाराच्या विस्ताराची छायाचित्रे एफ/८ ला काढणाऱ्याने एफ/१.२ ची किलोभर काच गडावर चढवण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. संध्याकाळच्या मंद प्रकाशात माणसांची छायाचित्रे घेणाऱ्याला मात्र ती काच सार्थकी लागल्याचे पहिल्याच दिवशी दिसेल.

लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये चित्र नेमके उलटे होते, आणि जुन्याचा कैवार घेणाऱ्यांनी हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. कॅननची ४०० मिमी एफ/२.८ आयएस लेन्स ५३७० ग्रॅमची होती, दुसरी आवृत्ती ३८५० ग्रॅमची झाली, आणि २०१८ ची तिसरी २८४० ग्रॅमची. पुढच्या अंगाची मोठी, जड भिंगे मागे सरकवली की त्यांचा व्यास कमी होतो आणि वजन झपाट्याने उतरते. शिवाय भार कॅमेऱ्याकडे येतो, त्यामुळे लेन्स आकड्यापेक्षाही हलकी वाटते. निकॉनची एएफ-एस ३०० मिमी एफ/४ डी १४४० ग्रॅमची होती. २०१५ च्या पीएफ आवृत्तीत प्रकाशाच्या विवर्तनाचा उपयोग करणारे भिंग आले आणि वजन ७५५ ग्रॅमवर आले, तेही कंपन रोखण्याची यंत्रणा आत घालून. तीव्र प्रकाशाचा स्रोत चौकटीत आला की या भिंगामुळे त्याभोवती कडी उमटू शकते, एवढी तडजोड त्यात आहे. ताडोब्यात उघड्या जिप्सीत बसून, वाघ कोणत्या बाजूने निघेल याची वाट पाहत तासन्‌तास लेन्स तयार ठेवायची असते, तिथे सातशे ग्रॅमची बचत म्हणजे ऐन वेळी न थरथरणारे हात. टेलिफोटोसाठी जुन्या धातूचा मोह मी तरी धरणार नाही.

जुनी लेन्स हातात आल्यावर

प्रथम स्क्रू पाहावेत. माउंटवरच्या स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या, चमकलेल्या असतील, तर लेन्स कोणीतरी घाईने उघडलेली आहे. जपानी लेन्सचे प्लस खाचेचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यांत नीट बसत नाही आणि खाच बिघडवतो. चांगला कारागीर अशी खूण मागे ठेवत नाही. मुंबईत बोरा बाजारात किंवा अन्यत्र कुठेही वापरलेली लेन्स पाहायला गेलात, तर भाव विचारण्याआधी ही एक गोष्ट पाहा.

मग लेन्स एका हातात माउंटच्या बाजूने धरून दुसऱ्या हाताने पुढचा भाग हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावा. फोकस अनंतावर असताना आणि सर्वांत जवळच्या अंतरावर असताना, अशा दोन्ही स्थितींत हे करावे. जवळच्या अंतरावर नळ्या बाहेर आलेल्या असतात आणि आट्यांची पकड कमी असते. तिथे किंचित हालचाल क्षम्य आहे, पण अनंतावर ती जाणवली तर आटे झिजले आहेत किंवा आतले स्क्रू सैल झाले आहेत. कारागीर याला ‘प्ले आहे’ असे म्हणतात. सैल स्क्रू आवळता येतो. झिजलेल्या आट्यांना इलाज नाही.

फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवावी, डोळे मिटून फिरवल्यास अधिक चांगले. विरोध सगळीकडे सारखा असावा. एखाद्या ठिकाणी खरखर लागली तर आत वाळू किंवा धातूचा कण आहे. कोकणातल्या किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये हे हमखास सापडते. सगळीकडे सारखीच जड फिरत असेल तर ग्रीस वाळले आहे, आणि हा दोष साफसफाई करून नवे ग्रीस भरल्यावर पूर्ण जातो. अशा लेन्स स्वस्तात मिळतात आणि मी त्या आनंदाने घेतो. मात्र रिंगच्या फटीत शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवणारा फवारा कधीही मारू नये. ते तेल पातळ असते, काही महिन्यांत ॲपर्चरच्या पात्यांवर आणि भिंगांवर पसरते, आणि शंभर रुपयांची बचत सगळी लेन्स घेऊन बुडते.

ॲपर्चरची परीक्षा त्यानंतर. निकॉनच्या एफ माउंट लेन्सच्या मागे एक लहान तरफ असते. रिंग एफ/१६ वर ठेवून ती तरफ बोटाने सरकवावी आणि सोडावी. पात्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बंद झाल्या पाहिजेत. त्या आळसावून मिटत असतील तर त्यांवर तेल आले आहे. निकॉनची ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो एआय-एस ही अप्रतिम लेन्स या एका दुखण्यासाठी ओळखली जाते, तेव्हा ती घेताना ही चाचणी टाळूच नये. साध्या ॲडॉप्टरवर मिररलेस कॅमेऱ्यात वापरायची असेल, तर पात्या आधीच बंद करून ठेवलेल्या असतात आणि थोडा आळस खपतो; एसएलआरवर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावर, मात्र प्रत्येक चित्र ठरल्यापेक्षा उजळ येईल.

एक सावधानता एफ माउंटपुरती. १९७७ च्या एआय बदलाच्या (ॲपर्चर कॅमेऱ्याला कळवण्याची नवी रीत) आधीच्या, न बदललेल्या लेन्स अनेक निकॉन एसएलआरवर लावल्या तर कॅमेऱ्याच्या माउंटभोवतीचा नाजूक भाग मोडू शकतो. माउंट चढत नसेल तर जोर लावू नये. आधी लेन्सची आवृत्ती नक्की करावी.

शेवटी टॉर्च. ॲपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि पुढून, किरण थेट डोळ्यांत येणार नाही अशा कोनातून पाहावे. धुळीचे कण दिसतीलच. त्यांकडे दुर्लक्ष करावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ही बुरशी. सगळीकडे सारखी धूसर साय ही बाष्पीभवन झालेल्या ग्रीसची किंवा काचेच्या पृष्ठभागाच्या खराबीची. भिंगाच्या कडेला इंद्रधनुष्यी किंवा चंदेरी डाग दिसले तर दोन भिंगे चिकटवणारा थर सुटू लागला आहे, आणि अशी लेन्स कितीही भरीव वाटली तरी मी परत ठेवतो.

नवी लेन्स पारखताना

इथे हाताला कळणाऱ्या गोष्टी कमी आणि विचारून घ्यायच्या गोष्टी जास्त आहेत. जुन्या लेन्समध्ये सगळा भिंगसमूह आट्यांवर पुढे-मागे सरकतो. नव्या लेन्समध्ये बहुतेक वेळा आतला एक हलका गट मोटार सरकवते. काही लेन्समध्ये कॅमेरा बंद असताना हा गट किंवा कंपन रोखणारा गट मोकळा असतो आणि लेन्स हलवली की आतून खडखड ऐकू येते. हा बिघाड नसू शकतो. कॅमेऱ्यावर लावून चालू केल्यावर आवाज थांबला पाहिजे. तो चालूच राहिला तर मात्र ती लेन्स घेऊ नये.

फोकस रिंग फिरवून बांधणीचा अंदाज इथे बांधता येत नाही, कारण मिररलेसच्या बहुतेक लेन्समध्ये ती रिंग कशालाही यांत्रिकरीत्या जोडलेली नसते. तिच्या फिरण्याची खबर सर्किटला जाते आणि मोटार काम करते. तिचा गुळगुळीतपणा मुद्दाम बसवलेला असतो. त्याऐवजी जवळच्या वस्तूवरून दूरच्या वस्तूवर दहा-वीस वेळा फोकस करून पाहावा आणि मोटार कुठे अडखळते का, आवाज बदलतो का, ते ऐकावे. माउंटभोवती रबरी पट्टी आहे का ते पाहावे, आणि ती फाटलेली किंवा चपटी झालेली नाही ना, तेही. ही पट्टी पावसाचे शिंतोडे आणि धूळ रोखते. पाण्यात बुडवण्याची परवानगी ती देत नाही, आणि कॅमेऱ्याची बॉडीही तशीच बंदिस्त नसेल तर तिचा उपयोग अर्धाच होतो. झूम करताना लांब होणारी लेन्स दर वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते, ही तिची जागा वाचवण्याची किंमत. सोनीची ७०-२०० मिमी एफ/२.८ जीएम पहिल्या आवृत्तीत १४८० ग्रॅमची होती आणि २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत १०४५ ग्रॅमची झाली, तरी ती झूम करताना लांब होत नाही. कॅननच्या पहिल्या आरएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ ने १०७० ग्रॅमचे वजन गाठले ते लांब होणारी रचना पत्करून. वजन तेवढेच, रस्ते वेगळे. भर पावसात काम करणाऱ्याने हा फरक पाहूनच निवड करावी.

दुरुस्तीचा प्रश्न घेण्याआधीच विचारावा. जुनी लेन्स ग्रीस, आटे आणि पात्या जाणणारा कोणीही चांगला कारागीर उघडू शकतो. नव्या लेन्सची मोटार किंवा सर्किट गेले तर पूर्ण भाग बदलावा लागतो, आणि तो भाग कंपनीने ठेवणे बंद केले की काचा निर्दोष असूनही लेन्स निकामी होते. वीज नसेल तर तिचा फोकसही हलत नाही. टिकाऊपणाच्या बाबतीत जुन्या लेन्सचे खरे श्रेष्ठत्व मला धातूपेक्षा या ठिकाणी दिसते.

पावसाळा

आपल्या हवेत लेन्स पडून फुटण्यापेक्षा बुरशीने जास्त मरतात, आणि बुरशी धातू-प्लॅस्टिक असा भेद करत नाही. रत्नागिरीला एका पावसाळ्यात मी १०५ मिमी एफ/२.५ लेन्स तिच्या मूळच्या चामडी डब्यात ठेवली, कारण तो डबा तिच्याइतकाच मजबूत आणि देखणा होता. गणपतीत उघडली तेव्हा मागच्या भिंगावर तंतू पसरले होते. चामडे ओलावा धरून ठेवते, हे मला त्या दिवशी कळले. डबा वेगळा ठेवावा आणि लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहानसा आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावे. आर्द्रता फार खाली, तीस टक्क्यांच्याही खाली नेऊ नये, ग्रीस आणि रबराला ते मानवत नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणे आणि तिला उजेड-वारा दाखवणे.

ॲडॉप्टरवर चढवलेली जड लेन्स कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लटकवून चालू नये. सगळा भार दोन माउंटच्या मोजक्या स्क्रूंवर येतो. डावा तळवा लेन्सखाली ठेवावा, आणि ट्रायपॉडवर लावताना लेन्सला स्वतःची कॉलर (ट्रायपॉडला जोडायची कडी) असेल तर कॅमेऱ्याऐवजी कॉलर पकडीत द्यावी. घेतलेल्या प्रत्येक लेन्सचे पहिल्या दिवशीचे वजन, रिंगची जडता, पात्यांचा वेग आणि टॉर्चखाली दिसलेले डाग एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, शक्य तर डागांचे छायाचित्रही काढावे. दसऱ्याच्या सुमारास हीच टॉर्चची तपासणी पुन्हा करावी आणि नोंद ताडून पाहावी. एखादा तंतू वाढलेला दिसला तर ती लेन्स इतरांपासून वेगळी काढून त्याच आठवड्यात कारागिराकडे द्यावी.